कडेची चकाकी

पेटीकाकांना खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. बाकी सगळ्यांसाठी ते पेटीकाकाच. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. अ‍ॅक्रिलिकची शीट कापायची, वाकवायची, जोडायची आणि तिची पेटी करायची. माशांची पेटी, बक्षिसांची पेटी, पेनांच्या दुकानातली फिरती पेटी, सूचना टाकायची पेटी. एकदा एका निवृत्त मास्तरांनी आपल्या बंद पडलेल्या घड्याळासाठी पेटी करून घेतली. घड्याळ बंदच राहिलं, पण पेटी अशी उतरली की घरी येणारे पाहुणे घड्याळ सोडून तिलाच हात लावून बघत.

कोणी "काचेची पेटी छान झाली हं" म्हटलं, की काका कामातून मान वर करत. "काच नाही. अ‍ॅक्रिलिक." आणि मग ते सुरू होत. दुकानाच्या मागच्या दारापलीकडे घर होतं. तिथून काकू म्हणत, "झालं, उघडली शाळा. आता तासाभराची निश्चिंती."

शाळा असली तरी त्यात खोटं काही नसे. काचेपेक्षा निम्म्या वजनाची, उजेड काचेपेक्षाही थोडा जास्तच आरपार सोडणारी, वर्षानुवर्षं उन्हात राहिली तरी पिवळी न पडणारी अशी ही वस्तू. फुटलीच तर काचेसारखे बारीक सुरे होत नाहीत, मोठे तुकडे होतात. मात्र तिच्या खोडीही तेवढ्याच. कोरड्या फडक्याने पुसली की पुसण्याआधीपेक्षा जास्त धूळ ओढून घेते. किल्लीसुद्धा लागली तरी ओरखडा उठतो. उष्णतेने फुगते, म्हणून स्क्रूचं भोक जरा सैल ठेवावं लागतं, नाहीतर उन्हाळ्यात तिथूनच तडा जातो. शीटवर चिकटवलेल्या कागदावर तिचं पूर्ण नाव छापलेलं असे, पॉलिमेथिल मेथाक्रिलेट. मुलगी शाळेत असताना ते एका दमात म्हणून दाखवायची. काका मात्र तीस वर्षांनंतरही दुसऱ्या शब्दाशी अडखळत आणि "तेच ते" म्हणून सोडून देत.

मुलगी सात वर्षांची असताना काकांनी तिला एक गंमत दाखवली होती. शीटची एक पट्टी तापवून तिचा नागमोडी आकार केला, गार झाल्यावर तिला खेळायला दिली. आठ दिवसांनी तीच पट्टी पुन्हा भट्टीत ठेवली. थोड्या वेळाने दार उघडलं तर पट्टी सरळसोट, जणू कधी वाकलीच नव्हती.

"बाबा, हिला आठवलं?"

"आठवलं म्हणजे, ती विसरलीच नव्हती. वाकलेली असताना आपण तिला गार केलं, म्हणून मुकाट बसली होती. ऊब मिळाली की मूळ पदावर."

त्यानंतर बरीच वर्षं ती सगळ्या शीटना "आठवणवाली" म्हणायची.

ती मुलगी पुढे नर्स झाली आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या नवजात विभागात लागली. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं तिथे उबदार पेटीत ठेवतात. लोक तिला काचपेटी म्हणतात. काका त्या लोकांनाही दुरुस्त करायला मागेपुढे बघणारे नव्हते, पण सुदैवाने त्यांची भेट होत नसे. तिथल्या पेट्यांची वरची झाकणं जुनी झाली होती. वर्षानुवर्षांच्या ओरखड्यांनी ती इतकी आंधळी झाली होती की आत बाळ आहे का घडी घातलेला टॉवेल, हे वाकून बघावं लागे. नवी झाकणं मागवून सात महिने झाले होते आणि कंपनीकडून उत्तरं येत होती, झाकणं येत नव्हती. विभागाच्या मोठ्या सिस्टर एक दिवस वैतागून म्हणाल्या, "अरे, या गावात कोणी असलं काम करणारं नाहीच का?"

मुलगी जरा घुटमळली आणि म्हणाली, "माझे बाबा करतात."

काका माप घ्यायला गेले. हात तीनदा धुवायला लावले, डोक्याला टोपी, पायात कापडी पिशव्या. मापं घेऊन घरी आले. काकूंनी दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या करंगळीची दोन पेरं धरून दाखवली. "पाऊल एवढं होतं." मग थोड्या वेळाने, "आणि बाहेर त्याची आई बसली होती. ओरखड्यांमधून कुठून नीट दिसतंय ते शोधत होती."

सहा झाकणं करायची होती. शीटवाल्याने दोन सल्ले दिले. पहिला, यंत्रातून दाबून काढलेली शीट घ्या, हलकं काम होईल. तो काकांनी ऐकूनच सोडला. दाबून काढलेल्या शीटच्या पोटात आधीपासून ताण असतो, त्यांना साच्यात ओतून निवांत घट्ट झालेलीच शीट हवी होती. दुसरा सल्ला मात्र विचार करण्यासारखा होता, मिश्रणाची शीट. हिच्यात रबराचे डोळ्याला न दिसणारे कण मिसळलेले असतात. तडा निघाला की त्या कणांपाशी अडकतो, पुढे धावत नाही. काकांनी तुकडा आणून त्यावर हातोडी मारून पाहिली. हातोडी उडाली, तुकडा तसाच. काकू दारातून म्हणाल्या, "घरातली भांडी पण हिचीच करा."

पण काकांनी तो तुकडा बाळाच्या पेटीइतक्या उबेत ठेवून पाहिला तेव्हा त्याच्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखी किंचित साय दिसली. इतरांना दिसलीही नसती. काका म्हणाले, "आईला बाळ धुक्यातून दिसायला नको." मग त्यांनी सगळं झाकण निव्वळ ओतीव शीटचं केलं, आणि हात आत घालायच्या गोल खिडक्यांची दारं, जी दिवसभर उघडतात-आपटतात, तेवढी मिश्रणाची केली.

काम नेहमीच्या क्रमाने झालं. कापणं, वाकवणं, जोडणं, मग भट्टी. लोखंडी कपाटाची ती भट्टी काकांनीच बनवलेली होती. वाकवताना आणि जोडताना शीटच्या पोटात ताण बसतो. सौम्य उष्णतेत काही तास ठेवून अगदी हळू गार केलं की तो सुटतो. ही पायरी काकांनी तीस वर्षांत एकदाही गाळली नव्हती. आणि सगळ्यात शेवटी, भट्टीतून निघालेल्या पेटीच्या कडांवरून गॅसची बारीक ज्योत फिरवायची. करवतीने पांढुरकी झालेली कड ज्योतीखालून जाताजाता पाण्यासारखी नितळ होई. हे काका असं करत की बघणाऱ्याने श्वास धरावा. कड बघूनच लोक ओळखत, ही पेटीकाकांची. सही करायची गरजच नव्हती.

सहा झाकणं बसली त्या दिवशी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, झाकण लावलंय का नाही तेच कळत नाही." काकांना याहून मोठी पदवी कोणी दिली नव्हती.

याला पाच महिने झाले असतील. मुलगी सुट्टीच्या दिवशी घरी आली आणि ताटावर बसून नुसती चिवडत राहिली. काकूंच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. त्यांनी आधी कपाळाला हात लावून पाहिला, मग डोळ्यांखाली बघितलं, मग झोप, पाणी, मैत्रिणी, सगळ्यांची चौकशी केली.

"आई, मी पेशंट नाहीये."

"मग जेव. नाहीतर सांग."

तिने सांगितलं. सहापैकी चार झाकणांच्या कडांना रेषा पडल्या होत्या. केसासारख्या बारीक, उजेडात चांदीसारख्या चमकणाऱ्या. एके ठिकाणी त्यांतली एक लांबली होती. कोणाला काही झालं नव्हतं, बाळं लगेच जुन्या झाकणांखाली हलवली होती. पण भांडार सांभाळणाऱ्या साहेबांनी चौकशी लावली होती. भिंतीवर स्वच्छतेचा कागद होता, 'रोज साबणपाणी, कडांना स्पिरिट', आणि तो हिच्या अक्षरातला, हिच्या सहीचा. शीटच्या कंपनीच्या सूचनेत तर स्पष्ट लिहिलं होतं की स्पिरिट लावू नये. परवापर्यंत तिने लेखी खुलासा द्यायचा होता. पुढच्या महिन्यात एका पाळीची जबाबदारी तिच्याकडे येणार होती, तीही आता थांबली होती.

"पण तुला कोणी सांगितलं होतं स्पिरिट लावायला?" काकूंनी विचारलं.

मुलीने ताटाकडे बघत म्हटलं, "कोणी नाही. माझ्याच मनाने लावलं."

काका मोरीपाशी हात धूत होते. त्यांचे हात नळाखाली तसेच राहिले.

त्यांना तो फोन आठवला. काही महिने झाले असतील त्याला. त्यांच्या हातात नुकतीच तापून मऊ झालेली शीट होती. अशी शीट हातात आली की वाकवायला मोजून क्षण मिळतात, नंतर ती ऐकत नाही. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. "बाबा, कडांना डाग राहतात हो. स्पिरिटने पुसलं तर चालेल ना?" आणि ते म्हणाले होते, "चालेल गं चालेल. ठेव आता, हातात गरम शीट आहे."

एवढंच. तिने विचारलं होतं. आणि आता आईसमोरसुद्धा ती ते सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ओतीव शीटच्या तीन पट्ट्या कापल्या. पहिलीची कड नेहमीसारखी ज्योतीने चमकवली. दुसरीची ज्योतीने चमकवून नंतर ती भट्टीत घातली. तिसरीला ज्योत लावलीच नाही. पात्याने खरवडून, ओल्या बारीक पॉलिशपेपरने घासून तिलाही भट्टी दाखवली. दुपार उलटेपर्यंत भट्टीचं दार उघडलं नाही. मग तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून स्पिरिटचा बोळा तिन्हींच्या कडांवरून सारखाच फिरवला आणि स्टुलावर बसून राहिले.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा पहिल्या पट्टीच्या कडेला रेषा उमटायला लागल्या होत्या. आधी एक, मग तिच्या बाजूला दुसरी, मग ओळीने. बाकीच्या दोघी जशाच्या तशा.

"हे काय?"

"माझी सही," काका म्हणाले.

काकूंना कळलं नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. ज्योत कडेचा फक्त वरचा पापुद्रा वितळवते, आतली शीट गारच असते. वरचा थर गार होताना आकसू बघतो आणि आतला भाग त्याला आकसू देत नाही. ओढाताण तिथेच गोठून बसते. वरून कड आरशासारखी, आत ताण. साधं पाणी लावलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण स्पिरिट लागलं की ताणलेल्या जागी रेषा फुटतात. ज्योत फिरवून झाल्यावर भट्टी द्यायला हवी होती. ते उलट करत आले होते, आधी भट्टी, मग ज्योत. माशांच्या पेटीला कोण स्पिरिट लावतंय? बक्षिसांच्या पेटीला कोण लावतंय? तीस वर्षं चूक कधी उघडी पडली नाही, एवढंच.

काकूंनी पट्टी हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. "पण स्पिरिट लावलं ते लावलंच ना तिने. तिचीही चूकच की."

"तिने मला विचारून लावलं." काकांनी फोनचं सांगितलं.

चहावर साय धरली. काकूंनी कप उचलला, पुन्हा ठेवला. "मग ही बोलली का नाही काल?"

"तू तिच्या जागी असतीस तर बोलली असतीस?"

"मी तर तुमच्या नावाने शिमगा केला असता," काकू म्हणाल्या. पण त्यांचा आवाज तसा नव्हता. जरा थांबून त्यांनी विचारलं, "सांगितलंत तर काम जाईल?"

"जाईलही."

"आणि नाव?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काकांनाही कळत होतं. कंपनीची सूचना त्यांच्या बाजूने होती, कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ते तर शीटलाही जमतं.

काकूंनी कप उचलला. "गार झाला. दुसरा करते. आणि उद्या तो निळा सदरा घाला, याची कॉलर गेलीय."

भांडारवाल्या साहेबांची खोली लहान होती आणि कपाटांनी आणखी लहान केलेली. टेबलाच्या एका बाजूला मोठ्या सिस्टर, त्यांच्यामागे मुलगी. काकांना दारात बघून तिचा चेहरा उतरला. तिने डोळ्यांनी 'नका' म्हटलं. काकांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

त्यांनी तशाच नव्याने केलेल्या तीन पट्ट्या आणि स्पिरिटची छोटी बाटली टेबलावर ठेवली.

"हे काय आणलंत?" साहेबांनी विचारलं.

"आधी बघा साहेब. मग बोलतो."

तिन्ही पट्ट्यांच्या कडांवरून त्यांनी स्पिरिटचा बोळा सारखाच फिरवला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मोठ्या सिस्टर पुढे वाकल्या. काकांनी पट्ट्या उजेडाकडे सरकवल्या. मग साहेब म्हणाले, "आली. ही बघा, आली रेघ. दुसरी पण."

"ही माझ्या पद्धतीची कड. झाकणांना हीच आहे. या दोन कडांना तेच स्पिरिट लावलंय, काही झालं नाही. स्पिरिट अ‍ॅक्रिलिकला नकोच, ते खरं. पण ताण मी आत ठेवला नसता तर पुसल्याने एवढं होत नाही."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "काका, लोक इथे दुसऱ्याच्या विरुद्ध पुरावे घेऊन येतात. तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध आणलेत."

"आणखी एक आहे. या बाईंनी मला फोन करून विचारलं होतं, स्पिरिट चालेल का. मी चालेल म्हणालो. हातात काम होतं, विचार न करता म्हणालो."

साहेब मुलीकडे वळले. "हे तुम्ही खुलाशात लिहिलं नाहीत."

"नाही," ती म्हणाली. मग हळूच, "कंपनीची सूचना मी वाचायला हवी होती, सर. बाबांना विचारलं म्हणून वाचली नाही."

"म्हणजे दोघंही आपापली चूक ओढून घेताय. मी लिहू काय?"

"जे दिसलं ते लिहा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि हिची पाळी हिला द्या. मला माणसं कमी आहेत."

साहेबांनी लिहिलं. मुलीचा खुलासा काकांच्या निवेदनासकट फाइलला लागला, नोटीस मागे घेतली गेली. काकांचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. सहाही झाकणं परत. आधी एकच नवं करायचं, महिनाभर रिकाम्या पेटीवर तपासायचं, टिकलं तर पुढचं. तोवर काकांचं नाव काम देण्याच्या यादीतून बाहेर. काका "बरं" म्हणाले. याहून कमी होणार नव्हतं, हे ते घरूनच ठरवून आले होते.

जिन्यात मुलीने त्यांना गाठलं. "कशाला आलात बाबा?"

"तू खोटं बोललीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते. लहानपणापासून होतात. साहेबांना आज ना उद्या कळलंच असतं."

ती हसली आणि मग तिला हसता येईना. काकांनी तिच्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि ते खाली उतरले.

नवं झाकण करायला त्यांनी दहा दिवस घेतले. कडा पात्याने खरवडल्या, ओल्या कागदाने घासल्या, मग आणखी बारीक कागदाने. ज्योतीची नळी खिळ्याला टांगलेली होती. दोनदा हात तिकडे गेला. तिसऱ्यांदा त्यांनी ती काढून माळ्यावर टाकली. सगळ्यात शेवटी भट्टी. एक दिवस तापवणं आणि गार करणं, मध्ये दार उघडायचं नाही. काकूंनी विचारलं, "झालं असेल ना एव्हाना?" तर ते म्हणाले, "झालं असलं तरी गार व्हायला हवं." दार उघडलं तेव्हा झाकण नितळ होतं, पण कडा मंद, धुतलेल्या गारगोटीसारख्या. ही पेटीकाकांची असं कोणी ओळखलं नसतं.

महिना गेला. साहेबांनी स्वतः बोळा फिरवून पाहिला, एकदा नाही, चार वेळा. मग बाकीची पाच झाकणं झाली आणि सहाही विभागात लागली. शेवटचं बसवायला काका गेले तेव्हा एका पेटीशी एक बाई उभी होती. कपाळ झाकणाला टेकवून ती आत बघत होती. तिचा श्वास शीटवर उमटत होता आणि विरत होता. ती कडेकडे बघत नव्हती. काकांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि शेजारच्या पेटीचे स्क्रू आधी आवळून घेतले, फुगायला जराशी जागा ठेवून.

निघताना त्यांची नजर भिंतीवर गेली. नवा कागद, तेच अक्षर, खाली तीच सही आणि सहीखाली पाळीची प्रमुख म्हणून नवा शिक्का. 'मऊ ओलं फडकं आणि साबणपाणी. स्पिरिट लावू नये. शंका असल्यास झाकण करणाऱ्यांना फोन करावा.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, कंसात, 'त्यांच्या हातात गरम शीट असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा करावा.'